दहावीनंतरही वाजवत राहावं म्हणून: वाद्यं आणि देणगीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

दहावीचा निरोप समारंभ झाला की आपल्या शाळेच्या बँडमधली मुलं ड्रम, बिगूल, क्लॅरिनेट जमा करतात, रजिस्टरवर सही करतात आणि बहुतेकांचं वाजवणं तिथेच थांबतं. गोडी संपलेली नसते, घरी वाद्यच नसतं.

बँडमध्ये मूल काय कमावतं ते २६ जानेवारीच्या संचलनात लांबून कळत नाही. बिगुलाला पिस्टन, म्हणजे स्वर बदलायला दाबायच्या कळा, नसतात. सगळे स्वर ओठांचा ताण आणि फुंक यांवरच काढायचे. असा ओठ तयार झालेला मुलगा पुढे ट्रंपेट धरतो तेव्हा त्याचं अर्धं काम झालेलं असतं. बास ड्रमच्या ठोक्याला डावा पाय टाकायचा, शेजारच्याचं ऐकायचं, आपली जागा येईपर्यंत मनात मात्रा मोजत गप्प राहायचं, हेही इथंच अंगवळणी पडतं. (गप्प राहणं सर्वांत अवघड, हे कुठलेही बँडचे सर सांगतील.) सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली हलगी आणि गणपतीतलं लेझीम पाहत वाढलेल्या आपल्या पोरांना ताल शिकवावा लागत नाही, पण फुंकीचा सराव सुटला की ओठ लवकर कच्चा पडतो.

म्हणून माजी विद्यार्थी मंडळ वाद्यपेढी सुरू करत आहे. शाळा सोडलेल्यांना वर्षभरासाठी वाद्य घरी नेता येईल, अनामत नाममात्र. रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात एकत्र सराव होईल. वयाची अट नाही. यंत्रमागावरची पाळी सांभाळून येणाऱ्यांनी उशिरा आलं तरी चालेल.

आपल्या माळ्यावर जुनं वाद्य पडून असेल तर द्या. पोचे पडलेलं, पिस्टन अडकलेलं चालेल, लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणारे कारागीर ते सरळ करून देतात. लाकडी क्लॅरिनेट मात्र लवकर आणा, पत्र्याखालच्या उन्हाळ्यात ते तडकतं. रोख मदत दुरुस्ती, ड्रमची पानं (ज्यावर ठोका पडतो तो पडदा) आणि क्लॅरिनेटच्या पत्त्या (फुंकताना थरथरणारी रीड) यांवर खर्च होईल. पत्ती झिजते, चिरते, त्यामुळे हा खर्च कायमचाच. ज्यांना वाजवता येतं त्यांनी महिन्यातला एखादा रविवार दिला तरी पुष्कळ.

देणगी शाळेच्या कार्यालयात, शाळेच्या वेळेत स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, आमच्यासुद्धा. वाद्य आणताना त्याचं माउथपीस तेवढं शोधून आणा, ते बहुधा भलत्याच डब्यात असतं.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ, सोलापूर