हाताने कोरलेल्या आर्चटॉप गिटारीविषयी मित्रास पत्र

वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
आषाढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. पुण्यात विक्रीस असलेली ती हातकोरीव आर्चटॉप, म्हणजे वरची फळी कमानीसारखी गोलाईदार असलेली, गिटार पाहून आल्यापासून तुझे मन एका प्रश्नाशी अडले आहे, असे तू लिहितोस. साच्यात प्लायवूड दाबले की हीच गोलाई थोड्या वेळात मिळते, मग कोणी कित्येक आठवडे पटाशी घेऊन लाकूड कोरत का बसावे आणि आपण त्यासाठी एवढे पैसे का मोजावेत? तुला ठाऊक आहे की मी गिटार वाजवत नाही, जॅझ मनापासून ऐकतो, आणि माझे आयुष्य दारे, चौकटी व देव्हारे घडवण्यात गेले आहे. तेव्हा पुढे जे लिहीन ते सुताराच्या नजरेने पाहिलेले असेल, पण गोव्यातल्या एका वादकाकडे अशी गिटार हातात घेऊन मी ती बराच वेळ न्याहाळली होती आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

नेहमीच्या गिटारीत तबली, म्हणजे नाद देणारी वरची फळी, सपाट असते, तारा ज्यावर टेकतात ती घोडी तिला चिकटवलेली असते आणि तारा त्या घोडीतच अडकवलेल्या असल्यामुळे त्यांचा ताण तबलीला ओढत राहतो. आर्चटॉपची मांडणी व्हायोलिनच्या वळणाची आहे. तारा घोडीवरून पुढे जाऊन खालच्या टोकाला टेलपीसमध्ये, म्हणजे तारा धरून ठेवणाऱ्या तुकड्यात, बांधलेल्या असतात आणि घोडी तबलीवर नुसती टेकलेली असते; तारा काढल्या की ती हातात येते. सहा पोलादी तारांचा एकूण ताण साधारण ७० ते ८५ किलो असतो आणि त्यातला काही भाग घोडीतून सरळ खाली तबलीवर उतरतो. तो भार पेलण्यासाठी तबलीला दगडी पुलाच्या कमानीसारखी गोलाई दिलेली असते. पण पूल हलता कामा नये आणि तबली मात्र हललीच पाहिजे, नाहीतर नाद निघणार कुठून? लाकूड जाड राहिले तर वाद्य मुके राहते, फार पातळ झाले तर तारांच्या दाबाखाली कमान बसू लागते. या दोन टोकांमधली जागा फार अरुंद आहे, आणि कारागिराचे सगळे कसब तिथेच पणाला लागते.

आता ते लाकूड कसे घडवतात ते सांगतो, कारण मला खरा आनंद तिथे आहे. तबली स्प्रूसची असते. थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या या झाडाचे लाकूड वजनाला हलके आणि तंतूंच्या दिशेने विलक्षण ताठ असते. ओंडक्याची पाचर मधोमध चिरून तिचे दोन भाग शेजारीशेजारी उघडून ठेवतात, म्हणजे डाव्या बाजूच्या रेषा उजवीकडे जशाच्या तशा उलट उमटतात, आणि मधला सांधा रंध्याने असा नेमका साधतात की सरसाने जोडल्यावर तो शोधूनही सापडू नये. सांध्यापाशी सुमारे २५ मिलिमीटर जाडी असलेल्या या फळीची आधी बाहेरची गोलाई गोल पटाशीने काढतात, मग फळी उलटी करून आतून पोकळ करतात. शेवटी मध्यभागी साधारण ६ मिलिमीटर आणि कडेजवळ त्याच्या निम्म्याच्या आसपास जाडी उरते. बाकीचे उंची लाकूड ढलप्या होऊन जमिनीवर पडलेले असते. काठापासून थोडे आत सगळीकडून एक उथळ पन्हळ फिरवलेली असते. तिच्यामुळे कडेने घट्ट चिकटलेली असूनही तबली तिथे लवू शकते. नवख्या माणसाला ती शोभेची नक्षी वाटते, पण वाद्याचा श्वास तिच्यात आहे असे मी म्हणेन.

शेवटच्या टप्प्यात पटाशी बाजूला ठेवतात आणि फुगीर तळाचे छोटे पितळी रंधे हातात येतात. ते इतके लहान असतात की दोन बोटांत धरून चालवावे लागतात. त्यानंतर धार लावलेल्या पोलादी पत्र्याने खरवडणे चालू होते. थोडे खरवडायचे, जाडी मोजायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबून लवचीकपणा अजमावायचा, बोटाने ठोकून नाद ऐकायचा आणि पुन्हा खरवडायचे. एकाच झाडाच्या शेजारच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या ताठ नसतात, त्यामुळे एका तबलीला ६ मिलिमीटर योग्य ठरले म्हणून दुसरीलाही ठरेल असे नाही. तुझ्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर इथेच आहे. साचा किंवा यंत्र ठरलेला आकार देते. समोरचे हे विशिष्ट लाकूड कुठे थांबायला सांगते आहे, हे ऐकून हात थांबवणारा माणूस लागतो. आज अनेक चांगले कारागीर सुरुवातीचे ढोबळ कोरीव काम संगणकावर चालणाऱ्या यंत्राकडून करून घेतात आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. शेवटचा मिलिमीटर मात्र हाताने आणि कानाने उतरला पाहिजे.

तू सतार ऐकणारा आहेस, म्हणून मिरजेची आठवण करून देतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर जवारी काढतो तेव्हा घोडीचा पृष्ठभाग कानशीने जरासा घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, आणि स्वर खुलला की थांबतो. त्या कामासाठी कुठलेही माप लिहून ठेवता येत नाही, पण म्हणून कोणी त्याला लहरीपणा म्हणत नाही. आर्चटॉपची तबली उतरवणाऱ्याची साधना त्याच जातीची आहे.

या वाद्याचा उगम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील कलामाझू गावी झाला. तिथे ऑरव्हिल गिब्सन यांनी १८९० च्या दशकात मेंडोलिन आणि गिटार व्हायोलिनप्रमाणे अखंड लाकडातून कोरायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये उभी राहिली आणि १९२२ मध्ये, लॉइड लोअर हे ध्वनितज्ज्ञ तिथे असताना, एल-५ ही एफ अक्षराच्या आकाराची छिद्रे असलेली गिटार बाहेर आली. तेव्हा गिटारीसाठी ध्वनिवर्धक नव्हता. तुताऱ्या आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटारीचा ठोका स्पष्ट ऐकू यावा, हीच मोठी निकड होती, आणि चटकन उठून चटकन विरणारा आर्चटॉपचा स्वर त्या कामाला नेमका लागू पडला. काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन यांनी दशकानुदशके ध्वनिवर्धकाशिवाय केवळ मात्रांचे ठोके दिले. गाणे ऐकताना ती गिटार वेगळी अशी कानावर येत नाही, पण संपूर्ण वाद्यवृंद तिच्यावर उभा असतो.

माझ्या मनात सर्वांत आदराचे स्थान मात्र न्यूयॉर्कच्या जॉन डी'अँजेलिको यांना आहे. १९३२ मध्ये त्यांनी मॅनहॅटनमधील केनमेअर रस्त्यावर स्वतःचे छोटे दुकान काढले आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत क्रमांक घातलेल्या ११६४ गिटारी घडवल्या. त्यांच्या 'न्यूयॉर्कर' गिटारीचे टेलपीस पायऱ्यापायऱ्यांचे आहे, शहरातल्या उंच इमारतींची आठवण व्हावी असे, आणि गिटारीवरची शिंपल्याची जडावाची कामे पाहताना डोळे निवतात. त्यांच्या हाताखाली १९५२ मध्ये जेम्स डी'अक्विस्टो नावाचा तरुण शिकायला आला. गुरूच्या निधनानंतर अपुरी राहिलेली वाद्ये त्याने पूर्ण केली आणि काही वर्षे तो त्याच वळणाने काम करत राहिला. पुढे मात्र त्याने एकेक अलंकार उतरवायला घेतला. पितळी टेलपीसच्या जागी आबनुसाचे आले, कडेची प्लॅस्टिकची पट्टी गेली, शिंपल्याचे काम गेले आणि ध्वनिछिद्रांचे आकार मोठे व मोकळे झाले. त्याच्या अखेरच्या काळातल्या गिटारींच्या छायाचित्रांत पाहण्यासारखे लाकडाखेरीज फारसे काही नाही, आणि तरीही गुरूच्या श्रीमंत कामापेक्षा मला त्या अधिक सुंदर वाटतात, कारण तिथे प्रत्येक वळण काहीतरी काम करते आहे. गुरू आणि शिष्य दोघेही वयाच्या ५९ व्या वर्षी गेले. शिष्य १९९५ मध्ये.

डी'अक्विस्टोच्या एका निळ्या गिटारीवरून स्कॉट चिनरी या संग्राहकाला एक विलक्षण कल्पना सुचली. त्याने २२ कारागिरांना १८ इंच रुंदीची, त्याच निळ्या रंगाची आर्चटॉप बनवायला सांगितली आणि बाकी सर्व त्यांच्यावर सोडले. रुंदी तीच, रंग तोच, तरी एकही गिटार दुसरीसारखी झाली नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ती वाद्ये प्रदर्शनात मांडली गेली होती. दुसरे उदाहरण रॉबर्ट बेनेदेत्तो यांचे. लाकडाच्या प्रतीविषयी लोक फार बोलतात हे पाहून त्यांनी गाठी असलेल्या साध्या इमारती पाइनची तबली कोरून गिटार बनवली आणि ती उत्तम वाजते हे दाखवून दिले. सुतार म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

प्लायवूडच्या तबलीला मी नावे ठेवतो असे मात्र समजू नकोस. गिब्सनची १९४९ मधली ईएस-१७५ तशीच आहे आणि जो पास यांच्यासारख्या थोर वादकाने ती आपलीशी केली. पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) लावून मोठ्या आवाजात वाजवायचे असेल तर दाबलेली तबली कमी गुंजते, हा तिचा गुणच आहे. पण तू घरी, कमी आवाजात, ध्वनिवर्धकाविना वाजवणार आहेस. तुझ्यासाठी कोरीव तबलीच योग्य ठरेल.

हे वाद्य परके आहे असेही मानू नकोस. ब्रिजभूषण काब्रा यांनी हिंदुस्थानी रागसंगीत ज्या गिटारीवर वाजवले ती गिब्सनची सुपर ४०० ही आर्चटॉपच होती, आणि विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हेही आर्चटॉपचेच रूपांतर आहे. तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारांचा जादा भार घेण्याची ताकद या कमानीत आहे म्हणूनच ते शक्य झाले असावे, असा माझा तर्क आहे.

आता व्यवहाराचे बोलतो. पैसे देण्यापूर्वी तबलीवरच्या एफ आकाराच्या छिद्रातून छोटा आरसा आणि दिवा आत घालून बघ. आतल्या दोन आधारपट्ट्या तबलीच्या गोलाईला सर्व लांबीभर चिकटलेल्या असाव्यात. कारागीर खडू लावून, जिथे डाग उमटेल तिथे घासत त्या बसवतात, त्यामुळे चांगल्या कामात केसाएवढीही फट नसते. आत रंध्याच्या पुसट खुणा दिसल्या तर त्याला दोष समजू नकोस. मधला सांधा उजेडासमोर तपास, घोडीचे पाय तबलीवर पूर्ण टेकले आहेत का ते पाहा, आणि घोडीच्या आसपास कमान बसल्यासारखी वाटली तर व्यवहार सोडून दे. मॅपलच्या पाठीवरच्या लहरी कितीही देखण्या असल्या तरी त्यांच्यासाठी जादा पैसे देऊ नकोस. तबली चांगली असेल तर साधी पाठ चालेल.

ती घेतलीस तर लगेच इकडे आणण्याचा मोह आवर. असे कारागीर आपल्या कार्यशाळेतली हवा ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवतात, आणि आमच्याकडे सध्या दारे फुगून चौकटीत अडकत आहेत. अखंड लाकडाची तबली या हवेत ओलावा पिऊन वर उठेल, तारा बोटे ठेवायच्या पट्टीपासून उंच जातील आणि सरसाच्या सांध्यांवरही ताण येईल. दिवाळीनंतर वारा फिरला आणि हवा कोरडी झाली की तिला पेटीत घालून, पेटीत आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या ठेवून, निवांत चार दिवसांसाठी ये. पडवीत बसून तू वाजव, आणि नंतर तारा सैल करून घोडी काढायला परवानगी असेल तर मला ती तबली ठोकून ऐकायची आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आरशातून काय दिसले ते सविस्तर कळव.

तुझा मित्र