ड्रोनच्या चाचण्या आणि खालची गावे

महोदय,

मोकळी माळराने आणि विरळ वस्ती यांमुळे ड्रोनच्या चाचण्यांसाठी ग्रामीण भाग सोयीचा ठरतो, आणि शेतकरी म्हणून मला या तंत्रज्ञानाचे वावडे नाही. डोक्याएवढ्या वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरले की पात्यांनी हात-तोंड चिरते, औषध नाकातोंडात जाते. ते काम बांधावर उभे राहून होत असेल तर हवेच आहे. आपल्या जिल्ह्यात सोनोरीच्या गावठाणाची मोजणीही ड्रोननेच झाली. तरीही ग्रामीण भागात ड्रोनच्या चाचणी केंद्रांचा विचार करताना खाली राहणाऱ्या माणसांना कोणी विचारात घेत नाही, याची मला काळजी वाटते.

2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागात रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा आमच्या वस्तीवरची मुले काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन जागत होती आणि माझ्या आईने अंगणातली बाज घरात घेतली. ड्रोन कोणाचे, कशासाठी, हे कोणी सांगत नव्हते. भीती त्याचीच होती.

25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी संशोधन व चाचणीसाठीच्या उड्डाणांना नोंदणी क्रमांक, पूर्वपरवानगी आणि चालक परवाना यांतून सूट दिली आहे. मात्र असे उड्डाण हरित क्षेत्रात (ड्रोनच्या नकाशावर ज्या भागात ठरावीक उंचीपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही) आणि संस्थेच्या स्वतःच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातील मोकळ्या जागेतच करावे लागते. संशोधनाला मोकळीक हवी, हे मान्य. पण संपर्क तुटलेले यंत्र कुंपण ओळखत नाही. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे संरक्षण संशोधन संस्थेचे चाचणी केंद्र आहे. तेथून उडालेले मानवरहित विमान सप्टेंबर 2019 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2023 मध्ये त्याच जिल्ह्यात शेतात कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याच चळ्ळकेरेत ज्या अमृतमहल कावलांवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे-मेंढ्या चरल्या, ती कुरणे विविध संस्थांना दिली गेली आणि वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला. आपल्याकडच्या गायरानांवर धनगरांचे कळप वर्षानुवर्षे चरतात. जागा निवडताना त्यांच्या चराईच्या वाटा सातबाऱ्यावर शोधून सापडणार नाहीत, त्या त्यांनाच विचाराव्या लागतील.

म्हणून चाचणी केंद्राला मान्यता देण्यापूर्वी संबंधित ग्रामसभांपुढे त्याची पूर्ण माहिती ठेवावी. उड्डाणाची वेळ, यंत्राचे वजन आणि जबाबदार अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर व गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर यावा. यंत्र उभ्या पिकात पडले तर पंचनामा कोण करणार आणि भरपाई किती दिवसांत मिळणार, हे पहिल्या उड्डाणाआधीच लेखी ठरलेले असावे.

– एक शेतकरी वाचक, ता. शिरूर, जि. पुणे