दादा, गाडी बुक करण्याआधी तीन आकडे बघ

म्युनिक

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. न.

मे महिन्याच्या कोर्सिकापर्यंतच्या प्रवासासाठीची भाड्याच्या गाड्यांची दोन्ही कोटेशन्स मिळाली. दोन्ही आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या. एक 7.40 मीटरचं मोटरहोम आणि दुसरी 5.99 मीटरची कॅम्पर व्हॅन. रोजच्या भाड्यात फारसा फरक नाही, म्हणून मोठीच घेऊ, असं तुझं म्हणणं. भाड्यापुरतं ते पटतं. पण इथे खर्च लांबीबरोबर हळूहळू चढत नाही, ठरावीक मर्यादा ओलांडली की एकदम उडी मारतो. आणि या मर्यादा तीन आहेत: माणसं-सामानासकट मंजूर एकूण वजन 3,500 किलो, उंची 3 मीटर, लांबी 6 मीटर.

सगळ्यात महत्त्वाचं वजन. आपल्याकडे एलएमव्ही लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची गाडी चालवता येते. इथे मात्र आरटीओने दिलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावरचा बी गट 3,500 किलोपर्यंतच चालतो. त्याहून जड गाडी चालवलीस आणि अपघात झाला, तर विमा हात वर करू शकतो. युरोपीय संघाने 2025 मध्ये मोटरहोमसाठी ही मर्यादा 4,250 किलोपर्यंत नेणारे नियम मंजूर केले आहेत, पण त्यासाठी वेगळं प्रशिक्षण किंवा परीक्षा लागणार. शिवाय टोलची रेघ 3,500 वरच आहे.

ऑस्ट्रियात या रेघेच्या आत असलेल्या गाडीला विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, पुरतं. 2025 मध्ये 10 दिवसांचं विन्येट 12.40 युरोंना होतं. इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर घाटाचा टोल त्याशिवाय. रेघेच्या वर गेलं की काचेवर गो-बॉक्स हे टोल मोजणारं यंत्र लावावं लागतं आणि पैसे किलोमीटरमागे कापले जातात, तेही एक्सलची (चाकांच्या आसांची) संख्या आणि इंजिनाच्या प्रदूषण-वर्गानुसार. जर्मन सीमेवरच्या कुफस्टाइनपासून ब्रेनरपर्यंतच्या जेमतेम 110 किलोमीटरमध्येच हा फरक खिशाला जाणवतो. काही जड गाड्या कागदोपत्री 3,500 वर उतरवलेल्या असतात. ऑस्ट्रिया मात्र तांत्रिक कमाल वजन धरतो. म्हणून गाडीच्या नोंदणीपत्रात एफ.1 (तांत्रिक कमाल वजन) आणि एफ.2 (कागदोपत्री मंजूर वजन) हे दोन्ही रकाने बघायचे, दोन्हींत 3,500 किंवा त्याहून कमी हवं.

स्वित्झर्लंडमार्गे गेलात, तर तिथलं गणित उलटं निघू शकतं. हलक्या गाडीला वर्षाचं विन्येट 40 फ्रँकचं घ्यावंच लागतं, एक दिवस राहिलात तरी. जड मोटरहोमला दिवसाला 3.25 फ्रँक, किमान 25. म्हणजे दोन-तीन दिवसांत देश ओलांडणारी जड गाडी तिथे स्वस्तात सुटते. इटलीत पुढच्या चाकांवरची उंची 1.30 मीटरपेक्षा जास्त असली की दोन एक्सलची गाडी टोलच्या बी वर्गात जाते. तुझ्या दोन्ही गाड्या बीमध्येच येतात, त्यामुळे तिथे फरक शून्य. तिसरा एक्सल असता तर वर्ग वाढला असता.

फ्रान्समध्ये टोलसाठी उंची मोजली जाते. 2 ते 3 मीटर उंच आणि 3,500 किलोपर्यंतची गाडी वर्ग 2 मध्ये, 3 मीटर किंवा त्याहून उंच असली की वर्ग 3 मध्ये. मोठ्या गाडीची उंची कोटेशनमध्ये 2.95 लिहिली आहे. टपावर एसी किंवा डिश अँटेना बसवलेली असेल, तर ती 3 मीटरच्या पुढे जाईल. भाड्याने देणाऱ्याला हे स्पष्ट विचार, कारण माहितीपत्रकातला आकडा बहुधा टपावरच्या जोडसामानाशिवायचा असतो.

इटलीतल्या लिव्होर्नोहून कोर्सिका बेटावरच्या बास्तियाला जाणाऱ्या बोटीसाठी लांबी बघतात. 5.99 हा आकडा उगाच आलेला नाही: फियाट डुकाटो या व्हॅनच्या एका लोकप्रिय बॉडीची ती लांबी आहे आणि ती सहा मीटरच्या आत बसते. पण मागे सायकलचा स्टँड लावला की तो लांबीत धरतात. बुकिंग करताना तो सांगितला नाही, तर बंदरावर मोजून वाढीव भाडं घेतात किंवा पुढच्या बोटीपर्यंत थांबवतात. कोर्सिकात रुंदीही अडते. व्हॅन 2.05 मीटर रुंद, मोठी गाडी आरसे सोडून साधारण 2.30. पोर्तो ते पियाना या कड्यातल्या रस्त्यावर समोरून बस आली की हे पंचवीस सेंटिमीटर फार होतात.

डिझेलचा हिशेब सोपा आहे. व्हॅन शंभर किलोमीटरला सुमारे 10 लिटर खाते, मोठी 12 ते 13. 3,000 किलोमीटरला 60 ते 90 लिटर जास्त. लिटरला 1.70 युरो धरले, तर 100 ते 150 युरो. लांबीपेक्षा समोरून वाऱ्याला भिडणारं क्षेत्रफळ जास्त तेल पितं, म्हणून 110 ऐवजी 95 च्या वेगाने गेलात तर दोन्ही गाड्यांत बचत होते.

आता मोठ्या गाडीची खरी अडचण. 3,500 मधून तिचं चालू स्थितीतलं वजन सुमारे 3,050 वजा कर. त्यात 75 किलोचा ड्रायव्हर, डिझेल आणि थोडं पाणी धरलेलं असतं. उरतात 450. बाकीच्या तिघांचे 200, पाण्याच्या टाकीचे आणखी 80, सायकली आणि स्टँडचे 65, खुर्च्या-टेबलाचे 20, कपड्यालत्त्याचे 80. झाले 445, आणि वहिनींनी आणलेलं तांदूळ-पीठ अजून चढलंच नाही. शिवाय मागच्या लांब शेपटावर टांगलेल्या सायकली मागच्या एक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतात, म्हणून एकूण वजन बसलं तरी एक्सल जास्त भरू शकतो. पकडलं तर दंड होतो आणि सामान उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. पाणी अर्धी टाकीच भरायची, सायकली कोर्सिकात भाड्याने घ्यायच्या आणि निघण्यापूर्वी वजनकाट्यावर भरलेली गाडी तोलायची.

छोट्या व्हॅनचाही खर्च असतो, तो टोलनाक्यावर दिसत नाही. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी काढून रिकामी करायची टाकी, 19 लिटरची, चौघांना दीड-दोन दिवस पुरते. त्यामुळे एकाआड एक रात्र तरी कॅम्पिंग साइटवर काढावी लागेल. तिथे दर बहुतेक जागेवर आणि माणसांवर असतो, त्यामुळे छोट्या गाडीला सूट मिळत नाही. मुलं वर उघडणाऱ्या कापडी छतात झोपणार. मे महिन्यात कोर्सिकाला ते छान, पण ब्रेनरजवळ रात्री गारठा असतो आणि हिटरची ऊब कापडातून निघून जाते. तो टप्पा न थांबता पार करा.

माझं मत व्हॅनच्या बाजूने आहे, सायकलीचा स्टँड न लावता. त्या गाडीच्या नोंदणीपत्राचा फोटो आणि छतासकटची उंची मागवून मला पाठव, मग मी बोटीचं भाडं काढतो. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, तेव्हा तो आताच काढून ठेव. आई-बाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा