क्रश सँडच्या दाखल्यात कणांच्या आकाराची नोंद हवी

संपादक महोदय,

राज्य सरकारने २०२५ मध्ये एम-सँड धोरण आणल्यापासून क्रश सँडचे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचे, उत्पादन किती वाढणार, दर किती पडणार याची चर्चा होते. पण घर बांधणाऱ्याच्या हातात मालासोबत जो दाखला पडतो त्यावर बहुतेक वेळा फक्त चाळणीचे आकडे असतात. ६०० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून ३५ ते ५९ टक्के माल गेला की 'झोन दोन' ही वाळूच्या जाड-बारीकपणाची प्रत लिहायची आणि गाडी सोडायची. चाळणी कण जाड की बारीक एवढेच सांगते, तो गोल की चपटा हा आकार मोजत नाही, ही गोष्ट यात पूर्ण निसटते.

६०० मायक्रॉनच्या चाळणीचे छिद्र चौकोनी असते, त्याचा कर्ण सुमारे ८४८ मायक्रॉन भरतो. दीड मिलिमीटर लांब, ७०० मायक्रॉन रुंद आणि १०० मायक्रॉन जाड अशी दगडाची कपची उभी राहून, कर्णाच्या दिशेने या छिद्रातून खाली जाते. तेवढ्याच वजनाचा गोल कण ५८५ मायक्रॉन व्यासाचा असतो आणि तोही त्याच चाळणीतून जातो. दाखल्यावर दोघे सारखेच. मात्र कपचीचा पृष्ठभाग गोल कणाच्या दुपटीहून जास्त असतो. तो ओला करायला पाणी जास्त लागते, लपेटायला सिमेंट जास्त लागते आणि कपच्या एकमेकींत अडकल्याने काँक्रीट पसरत नाही. मग साइटवर मिक्सरमध्ये अंदाजाने पाणी ओतले जाते. स्लॅबची ताकद तिथे जाते आणि ठपका मात्र सिमेंटवर येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कॅमेऱ्याने फोटो काढूनही हा दोष सहज पकडता येत नाही. काचेवर टाकलेली कपची सपाट बाजूवर आडवी पडते, वरून चांगली रुंद आणि गोलसर दिसते. तिची जाडी फोटोत येतच नाही.

यावर साधा आणि स्वस्त उपाय आहे: सैल भरलेल्या वाळूतील पोकळी मोजणे. कपच्या एकमेकींत अडकतात, म्हणून त्यांच्यामध्ये पोकळी जास्त राहते. वाळू धुऊन, वाळवून, चाळून चार भाग वेगळे करायचे. २.३६ ते १.१८ मिलिमीटरमधला ४४ ग्रॅम, १.१८ मिलिमीटर ते ६०० मायक्रॉनमधला ५७, ६०० ते ३०० मधला ७२ आणि ३०० ते १५० मधला १७, असे एकूण १९० ग्रॅम. हे एकत्र करून नरसाळ्यातून ११५ मिलिमीटर खाली ठेवलेल्या १०० मिलिलिटरच्या भांड्यात सोडायचे. वर आलेला ढीग सरळ पट्टीने एकाच फटक्यात सपाट करायचा आणि भांड्यातला माल तोलायचा. तोलण्याआधी भांड्याला धक्का लागता कामा नये. टेबल हलले तरी कण खाली बसतात, पोकळी कमी दिसते आणि वाईट माल चांगला ठरतो.

गणितात एक चूक वारंवार होते. आपला काळा दगड जड आहे. समजा भांड्यात १५० ग्रॅम माल मावला. विशिष्ट गुरुत्व (दगड पाण्याच्या किती पट जड तो आकडा) २.८५ धरले तर पोकळी ४७.४ टक्के येते, पुस्तकातले सवयीचे २.६५ धरले तर ४३.४ टक्के. म्हणजे केवळ आळसाने चार टक्क्यांचा फरक पडतो, आणि कपच्यांनी भरलेला माल चांगल्या आकाराच्या मालाच्या रांगेत जाऊन बसतो. विशिष्ट गुरुत्व त्याच खाणीच्या मालाचे मोजलेले हवे.

दुसरा प्रश्न ७५ मायक्रॉनखालच्या भुकटीचा. आयएस ३८३:२०१६ या वाळू-खडीच्या भारतीय मानकात नैसर्गिक वाळूला ३ टक्के आणि क्रश सँडला १५ टक्के मर्यादा आहे. कोरडे चाळून ही भुकटी कळत नाही. ती मोठ्या कणांना चिकटून वरच्याच चाळणीवर राहते. १०५ ते ११० अंशांवर वाळवून तोललेला नमुना ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर खालचे पाणी नितळ येईपर्यंत धुवावा, पुन्हा वाळवून तोलावा. नाजूक जाळी फाटू नये म्हणून वर १.१८ मिलिमीटरची चाळणी ठेवावी.

१५ टक्क्यांच्या आतली भुकटी दगडाची असेल तर फार बिघडत नाही, उलट ती पोकळ्या भरते. ती मातीची असेल तर घात होतो. दख्खनच्या खडकात दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा येतो. खाणीत तो वेगळा काढला नाही की थेट क्रशरमध्ये जातो. ओळखायला मिथिलिन ब्लू हा मातीत शोषला जाणारा निळा रंग पुरतो. २०० ग्रॅम वाळू अर्धा लिटर पाण्यात ढवळत ठेवून, लिटरला १० ग्रॅम ताकदीचे द्रावण पाच-पाच मिलिलिटर घालत जायचे आणि दर वेळी एक थेंब गाळण कागदावर टाकायचा. मधल्या गडद ठिपक्याभोवती फिकट निळे कडे उमटून पाच मिनिटे टिकले की थांबायचे. द्रावण जितके जास्त रिचले तितकी माती जास्त.

नमुना कुठून घेतला हेही लिहिले पाहिजे. ढिगाच्या पायथ्याशी जाडे कण घरंगळून येतात, तिथून एक घमेले उचलणे म्हणजे नमुना नव्हे. ढिगाच्या वेगवेगळ्या उंचीवरून आतला माल काढून, एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असे करत कमी करावा.

आमची मागणी एवढीच, की दाखल्यावर चाळणीच्या आकड्यांसोबत धुऊन काढलेली ७५ मायक्रॉनखालची टक्केवारी, सैल पोकळी, मिथिलिन ब्लूचा आकडा आणि नमुन्याची तारीख छापणे बंधनकारक करावे. तारीख यासाठी, की व्हीएसआय यंत्रातल्या (दगड वेगाने फेकून फोडणाऱ्या क्रशरमधल्या) रोटरचे, म्हणजे फिरत्या चाकाचे, टिप झिजले की दगडावर दगड आपटण्याचा जोर कमी होतो आणि त्याच खाणीतून, त्याच यंत्रातून कपच्या पुन्हा वाढू लागतात. टिप बदलण्याआधी एकदा आणि बदलल्यावर एकदा पोकळी मोजली तर फरक लगेच दिसतो.

— बांधकाम साहित्य चाचणी क्षेत्रातील तंत्रज्ञ, पुणे