अण्णांच्या मानेवरची जखम

पुणे, ९ नोव्हेंबर

प्रिय मंजू,

काल फोनवर तुझा आवाज इतका दमलेला होता की मी नुसतं हं-हं करत राहिले. रात्री झोप लागली नाही. अण्णांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पण मानेवरची जखम अजून भरलेली नाही म्हणून सर्जनांनी लाईट (रेडिएशन) थांबवलाय, त्यावर तू विचारलेलं एक वाक्य डोक्यात फिरत होतं. "लाईट द्यायची घाई आहे म्हणतात, आणि बोटभर जखमेसाठी तेच थांबवतात. मग घाई नक्की कशाची?" डॉक्टरांनी तुला दोन मिनिटांत उत्तर दिलं असेल, त्यांच्या दाराबाहेर अजून चाळीस माणसं असतात. माझ्याकडे अख्खा रविवार आहे. शिवाय हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी लॅबमध्ये काय करते असं काकू दर दिवाळीला विचारतात आणि मला कधी धड सांगता येत नाही. आज सांगते. प्लास्टिकच्या छोट्या ताटलीत पेशी वाढवायच्या. त्या एकमेकींना खेटून तळ भरून टाकतात, शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा सलग थर होतो. मग पिपेटच्या, म्हणजे थेंब मोजून घ्यायच्या नळीच्या, पिवळ्या टोकाने त्या थरावर सरळ एक ओरखडा काढायचा. फोटो घ्यायचा. ताटली ३७ अंशांच्या पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. कडेच्या पेशींना शेजारीण गेल्याचं कळलेलं असतं. त्या पाय पसरतात, रिकाम्या जागेत सरकतात आणि ओरखडा बुजवतात. जखमेवरच्या औषधाची परीक्षा अशी घेतात, ओरखडा लवकर बुजला तर औषध चांगलं. आता हे ऐक. कॅन्सरच्या औषधाची परीक्षाही याच ताटलीत, याच ओरखड्यावर घेतात. फक्त तिथे तो बुजू नये अशी इच्छा असते. पहिल्या वर्षी हे लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून बराच वेळ नुसती बसून होते.

अण्णांच्या गळ्यावर आज जे चाललंय, ते हेच आहे.

कातडी कापली की पेशींवर ताण येतो, आणि ताणलेली पेशी गप्प बसत नाही, निरोप पाठवते. झेब्राफिश नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या माशाच्या पिल्लाची शेपटी शास्त्रज्ञांनी जरा कापून पाहिली. २००९ साली ते छापून आलं. काही मिनिटांत कापलेल्या कडेवर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं, आणि त्या वासावर यावं तशा पांढऱ्या पेशी तिकडे धावल्या. आपण जखम धुवायला बाटलीतून ओततो तेच हे रसायन, शरीर ते स्वतः किंचितसं बनवून हाक मारायला वापरतं. त्यानंतर रक्तातल्या प्लेटलेट्स आपल्या पोतड्या रिकाम्या करतात: वाढा, इकडे या, नवी नस काढा, धागे विणा, असे कितीतरी निरोप एकदम सुटतात. चांगल्या जखमेत हा गलका काही दिवसांनी ओसरतो. खपली पडते आणि पेशी पुन्हा आपल्या कामाला लागतात. जखम भरण्यातला मला सर्वांत अवघड वाटणारा भाग हाच आहे, हे थांबणं.

गाठीत ते थांबणं होत नाही. हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९८६ साली एक लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं की गाठी म्हणजे भरून न येणाऱ्या जखमा. गाठीभोवतीच्या नसा झिरपतात, त्यातून बाहेर आलेल्या द्रवाची जाळी होते आणि त्या जाळीवर नव्या नसा चढतात, हे सगळं जखमेत जसं होतं तसंच. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जर्मनीच्या विर्खो या डॉक्टरने गाठीत पांढऱ्या पेशी पाहून म्हटलं होतं की जिथे सूज वर्षानुवर्षं धुमसते तिथून कॅन्सर उगवतो.

आपल्याकडचं उदाहरण तर इतकं जवळचं आहे. परळच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली ‘धोतर कॅन्सर’ची नोंद केली. कमरेला रोज त्याच जागी घट्ट गाठ, त्याच जागी घाम आणि घासणं, आधी कातडीचा रंग बदलतो, मग चरे पडतात आणि क्वचित कुणाला तिथेच कॅन्सर होतो. पुढे साडीच्या परकराच्या नाडीनेही तसंच झाल्याची प्रकरणं आली. एक छोटी जखम जी कधीच पुरी भरू दिली नाही.

आणि अण्णांची सुपारी. जेवण झालं की ते ओसरीवर अडकित्ता घेऊन बसायचे आणि आपल्याला बडीशेप द्यायचे, आठवतं? सुपारीचा अर्क गालाच्या आतल्या पेशींना रोज डिवचत राहतो. त्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा निरोप सोडतात, त्याचा अर्थ साधारण ‘इथे फाटलंय, दोर विणा’ असा. दोर विणला जातो. उद्या पुन्हा सुपारी, पुन्हा दोर. काही वर्षांनी गाल आतून चामड्यासारखा कडक होतो आणि तोंड उघडेनासं होतं. सुपारी एकटीच, तंबाखूशिवायसुद्धा, कॅन्सर करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे.

मंजू, एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. नितीनच्या लग्नात अण्णा पंगतीत लाडू कुस्करून, चिमटीने आत सारत होते. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर दाखवायला हवं, हे मला ठाऊक होतं. मी पाहिलं. मनात आलंही. वाढप्याने भात आणला आणि मी विषय सोडून दिला. चार वर्षं झाली. तुला हे लिहायला मला कालची रात्र लागली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. लाईट, म्हणजे रेडिएशन, पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. हा पेशीवरचा सर्वांत मोठा ताण. तुटल्याची खबर लगेच आत पोचते आणि पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं. ते पेशीला सांगतं, थांब, आधी दुरुस्ती कर, मगच विभागणी. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर तेच प्रथिन तिला मरायला लावतं. कॅन्सरच्या जवळपास निम्म्या गाठींत हे प्रथिनच बिघडलेलं असतं. अशा पेशी तुटलेल्या डीएनएनिशीच विभागायला जातात आणि पुष्कळदा त्या विभागणीतच मरतात. निरोगी पेशी रात्रभरात बरंचसं सांधून घेते. म्हणून तर सगळा डोस एकदम देत नाहीत. रोज दोन ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), आठवड्याचे पाच दिवस, साधारण तीस वेळा. रोजच्या मधल्या त्या चोवीस तासांत अण्णांच्या चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो.

पण भरत असलेल्या जखमेतल्या पेशी सावरायला थांबू शकत नाहीत, त्यांना भराभर विभागावंच लागतं. नव्या नसा, दोर विणणाऱ्या पेशी, कडेवरून सरकणारी कातडी, सगळं ओलं बांधकाम. त्यावर आज लाईट दिला तर ते तिथेच अडकेल, टाके आणखी उसवतील, छातीवरून वर आणून लावलेलं मांसही धोक्यात येईल. आणि मग मध्येच लाईट बंद ठेवावा लागला तर ते सर्वांत वाईट, कारण त्या सुट्टीत उरलेल्या गाठीच्या पेशी वाढून घेतात.

आणि घाईही खरी आहे. ऑपरेशनने जो ‘जखम झाली, वाढा’ असा गलका उठला, तो मागे राहिलेल्या एखाद्या चुकार पेशीलाही ऐकू जातो. म्हणून ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हावा असा दंडक आहे. अण्णांचे सहा आठवडे २ डिसेंबरला होतात. म्हणजे तुमच्या हातात तीन आठवडे आहेत, आणि सर्जन आज थांबवतात यात गोंधळ किंवा चालढकल नाही. एकाच शरीरात एका जागी पेशींना वाढू द्यायचंय आणि तिथून दोन इंचांवर वाढू द्यायचं नाहीये. दोन्ही जागच्या पेशी एकच भाषा ऐकतात.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगते, अण्णांना वाचून दाखव. स्टॅन्ली कोहेन नावाच्या शास्त्रज्ञाने उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कातून १९६२ साली त्याने जे प्रथिन वेगळं काढलं, ते ईजीएफ, कातडी वाढवणारा निरोप. १९८६ मध्ये त्याला रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आज मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर हाच ईजीएफ जेलमधून लावतात. आणि तोंडा-गळ्याच्या कॅन्सरमध्ये सेटुक्सिमॅब नावाचं औषध देतात, ते हा निरोप ऐकणारा पेशीवरचा कानच बंद करतं. मग चेहऱ्यावर पुरळ उठतो, कारण कातडीचाही तोच कान असतो. मानेच्या ऑपरेशनमध्ये अण्णांची एका बाजूची जबड्याखालची ग्रंथी काढली आहे, उरलेली लाळ लाईटने आटेल. कुत्रं जखम चाटतं ते उगाच नाही, लाळेत हाच निरोप असतो. तोंडातल्या जखमा यापुढे सावकाश भरतील, एवढं धरून चाला.

म्हणूनच हात जोडून सांगते, तुझ्या मामांनी मधुमेहाच्या जखमेचं जे जेल आणून ठेवलंय ते सर्जनना न विचारता मानेला लावू नकोस. ते मधुमेही पायासाठी चांगलंच आहे. इथे शेजारी कोण ऐकतंय हे आपल्याला दिसत नाही.

हळदीचं काकूंना तूच समजाव, माझं नाव सांगून. जखमेवर हळद, हे अमेरिकेत कुणीतरी १९९५ मध्ये आपल्या नावावर पेटंट करून घेतलं होतं आणि आपल्या माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने पुरावे पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. मला त्याचा अभिमान आहे. आमटीतली हळद खुशाल घ्या. पण हळदीच्या त्या मोठ्या डोसाच्या गोळ्या नकोत. लाईट पेशीला मारतो तो मुख्यतः ऑक्सिजनचे विखारी कण तयार करून, आणि ते कण विझवणारी गोळी गाठीच्या पेशीलाही वाचवू शकते. बाटली डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तसं करा.

बाकी झटपट. साखर रोज तपासा, वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात. नळीतून दूध, अंडं, डाळीचं दाट पाणी, जितकं प्रथिन जाईल तितकं, दोर त्यातूनच विणले जातात. किडलेले दात लाईटच्या आधी दंतवैद्यांना दाखवा, नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आईस्क्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतील, तो दुखला तरी सोडू देऊ नकोस. आणि लाईटच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलल्यासारखं होईल, अण्णा पाण्याच्या घोटालाही नको म्हणतील. तेव्हा घाबरू नकोस. लाल प्रकाशाच्या सौम्य लेझरने ते कमी करता येतं, तिथे सोय आहे का आधीच विचारून ठेव. काकूंची मिश्री बंद. यावर मी काही ऐकणार नाही.

एक काम तुझ्याकडे. रोज सकाळी ड्रेसिंग बदलताना, खिडकीच्या उजेडात, त्या जखमेचा फोटो काढ. शेजारी शाळेची पट्टी धर, म्हणजे मोजता येईल. त्याच अंतरावरून, त्याच कोनातून. जखमेतून पाणी किती येतं, कडा गुलाबी आहेत की काळपट, तेही दोन शब्दांत लिही. मी माझे ओरखडे असेच मोजते, आणि डोळ्यांना दिसत नाही तो बदल फोटोत दिसतो. डॉक्टरांनाही ते फोटो दाखव, त्यांना निर्णय घ्यायला सोपं जाईल.

शनिवारी दुपारी कोयना एक्सप्रेसने निघते. मिरजेला घ्यायला येऊ नकोस, रिक्षा करेन. दोन रात्री अण्णांजवळ मी थांबते, तू घरी जाऊन झोप. लग्नातल्या त्या लाडवाबद्दल अण्णांशी मला स्वतःलाच बोलायचंय.

आजचा फोटो आज रात्रीच पाठव.

तुझी,
शुभा