लेव्ह रद्दी झाला नाही, मार्कही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो घेतल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. त्यात लेव्ह या तिथल्या जुन्या चलनाच्या नोटांची ‘आता रद्दी झाली’ असे म्हटले आहे. तसे नाही. तिथली मध्यवर्ती बँक त्या नोटा मुदत न घालता बदलून देणार आहे.

हे मला खटकण्याचे कारण घरगुती आहे. १९९४ साली कंपनीने मला प्रशिक्षणासाठी जर्मनीत स्टुटगार्टला धाडले होते. परवा माळा आवरताना तेव्हाच्या कोटाच्या आतल्या खिशातून ९० मार्क, म्हणजे युरोआधीचे जर्मन चलन, निघाले. पन्नासची एक, दहाच्या चार. दहाच्या नोटेवर गणिती गाऊस आणि शेजारी त्याचा संख्याशास्त्रातला घंटेच्या आकाराचा आलेख, चक्क सूत्रासकट! परकीय चलन बदलून देणाऱ्याने लांबूनच मान हलवली. जुन्या बाजारात एकाने सगळ्यांचे मिळून दोनशे रुपये सांगितले.

मग चौकशी केली. जर्मनीची मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, मार्कच्या नोटा आणि नाणीसुद्धा आजही बदलून देते. मुदत नाही, रकमेला मर्यादा नाही, शुल्क नाही. (पूर्व जर्मनीचे मार्क मात्र चालत नाहीत.) दर कायमचा ठरलेला, एका युरोला १.९५५८३ मार्क. म्हणजे माझे साधारण ४६ युरो झाले. बारा अब्जांहून जास्त मार्क अजून परत आलेलेच नाहीत. त्यातले थोडे पुण्यातल्या माळ्यांवरही असणार.

गंमत म्हणजे लेव्हचा दरही पाचव्या दशांशापर्यंत हाच आहे. १९९७ साली महागाईने कंबरडे मोडले तेव्हा बल्गेरियाने लेव्ह मार्कला बांधला. १९९९ मध्ये तीन शून्ये उडवली आणि एक लेव्ह म्हणजे एक मार्क झाला. पुढे खुद्द मार्क गेला, पण त्याचा दर बल्गेरियाची राजधानी सोफियाच्या बाजारात यंदापर्यंत चालू होता.

सगळेच देश इतके उदार नसतात. इटलीने लिरा बदलण्याची खिडकी जाहीर तारखेच्या जवळजवळ तीन महिने आधी, डिसेंबर २०११ मध्येच बंद केली. आपल्याकडे २०१६ साली पन्नास दिवस मिळाले होते, ते वाचकांना आठवत असतीलच.

तेव्हा माळ्यावर मार्क सापडले तर कवडीमोलाने देऊ नयेत. म्युनिकचा भाचा दिवाळीला येईल तेव्हा पन्नासची नोट त्याच्याकडे देणार आहे. दहाच्या चारही नातीने ठेवून घेतल्या. तिला बीएस्सीला संख्याशास्त्र आहे.

– एक निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे