परागीभवनाच्या बातमीखाली मूळ शोधनिबंधाची एक ओळ हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परागीभवन, मधमाश्या आणि पिकांचे उत्पादन यांविषयीच्या बातम्या व लेख अलीकडे वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जिचे आयुष्य गेले, तिला याचा आनंदच वाटतो. मात्र त्यांपैकी बहुतेक मजकुरात ‘एका अभ्यासानुसार’ किंवा ‘संशोधकांना असे आढळले आहे’ एवढ्यावर वाचकाची बोळवण केलेली असते. अभ्यास कोणाचा, तो कोणत्या नियतकालिकात आणि कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाला, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे ज्या वाचकाला किंवा विद्यार्थ्याला मुळापर्यंत जायचे आहे, त्याची वाट तिथेच खुंटते. ही उणीव वरवर पाहता किरकोळ वाटते, पण तिचे परिणाम किरकोळ नाहीत, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे.

‘आपण खातो त्या दर तीन घासांपैकी एक घास मधमाशीमुळे मिळतो’ हे वाक्य मी अनेक वर्षे वर्गात सांगत आले. एका विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पात तेच वाक्य लिहिले आणि संदर्भ म्हणून माझ्या व्याख्यानाचा उल्लेख केला. तो वाचताना मला फार अवघडल्यासारखे झाले, कारण मी ते कुठे वाचले होते, हे मलाच सांगता येत नव्हते. मग आम्ही दोघींनी मिळून त्याचा माग काढायचे ठरवले. साध्या शोधयंत्रावर जे हाती आले, ते एकमेकांवरून उतरवलेले लेख होते. कोणी दुसऱ्या लेखाचा हवाला दिला होता, तर कोणी कसलाच नाही. गूगल स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध शोधून देणाऱ्या गूगलच्या शोधयंत्रावर, पीक, परागीभवन आणि अवलंबित्व या अर्थाचे इंग्रजी शब्द घालून शोधल्यावर मात्र थोड्याच वेळात अलेक्झांड्रा-मारिया क्लाइन आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांचा, ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’ या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेला निबंध समोर आला. तिसऱ्या हिश्शाची गोष्ट सांगणारे जे लेख काही आधार देतात, त्यांतले अनेक अखेर याच निबंधाकडे बोट दाखवतात.

निबंध उघडून वाचल्यावर माझे वाक्य एकापेक्षा अधिक ठिकाणी चुकीचे ठरले. या संशोधकांनी जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा विचार केला असून, त्यांपैकी ८७ पिकांचे फळ, भाजी किंवा बी यांचे उत्पादन प्राण्यांकरवी होणाऱ्या परागीभवनावर कमीअधिक प्रमाणात अवलंबून आहे, असे ते सांगतात. इथे मधमाशी एकटी नाही. इतर कीटक, पक्षी, वटवाघळे असे सगळेच त्यात येतात. उत्पादनाच्या वजनाकडे पाहिले, तर जगातले ६० टक्के उत्पादन अशा परागीभवनाची गरज नसलेल्या पिकांचे आहे, ३५ टक्के गरज असलेल्या पिकांचे, आणि उरलेल्या ५ टक्क्यांचे मूल्यमापन झालेले नाही. गहू आणि भात यांचे बहुतांशी स्वपरागण होते, मक्याचे पराग वारा वाहून नेतो, हे लक्षात घेतले म्हणजे ६० टक्क्यांचा आकडा उलगडतो.

‘एक तृतीयांश’ आला तो बहुधा या ३५ टक्क्यांवरून. परंतु अवलंबून असलेल्या पिकाचे सगळे उत्पादन परागवाहकांमुळेच होते, असा त्याचा अर्थ नाही. त्याच निबंधात माणूस थेट खातो अशा पिकांची वेगळी यादी करून प्रतवारी दिली आहे. परागवाहकांशिवाय चालतच नाही अशी पिके अवघी १३, ज्यांचे अवलंबित्व फार आहे अशी ३०, मध्यम २७ आणि थोडे २१. बाकीच्यांपैकी ७ पिकांना विशेष फरक पडत नाही, तर ९ पिकांबाबत काही सांगता येत नाही. कोको, व्हॅनिला, कलिंगड आणि भोपळा ही पहिल्या गटातली, आणि त्यांच्याच मापाने बाकीच्या पिकांना मोजणे योग्य नाही. पुढे २००९ साली ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’मध्ये मार्सेलो आयझेन आणि सहकाऱ्यांनी हाच हिशेब अधिक काटेकोरपणे मांडला, क्लाइन त्या निबंधाच्याही सहलेखिका आहेत. प्राण्यांकरवी होणारे परागीभवन पूर्णपणे थांबले, तर जगातल्या एकूण कृषी उत्पादनात थेट घट ३ ते ८ टक्के होईल, असा त्यांचा अंदाज आहे. यामुळे परागवाहकांचे महत्त्व कमी होत नाही, कारण जे कमी होईल त्यात फळे, भाज्या आणि तेलबिया यांचा वाटा मोठा असतो. पण तिसरा हिस्सा आणि ३ ते ८ टक्के यांत केवढे अंतर आहे! विद्यार्थिनीच्या प्रकल्पात आम्ही ते वाक्य खोडून दोन्ही निबंधांचे नीट संदर्भ दिले.

इथे आणखी एक भेद स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण शिक्षकांचाही त्यात गोंधळ होतो. क्लाइन यांचा निबंध हा आढावा निबंध आहे. इतरांनी केलेली कामे गोळा करून, पारखून त्यांचा एकत्रित अर्थ लावणे हे त्याचे काम. मूळ, म्हणजे प्राथमिक शोधनिबंध वेगळा. त्यात लेखकांनी स्वतः केलेली निरीक्षणे किंवा प्रयोग असतात, आणि ते कसे केले हे इतक्या तपशिलात लिहिलेले असते की दुसऱ्याला ते पुन्हा करून पाहता यावेत. परागीभवनाच्या निबंधात तो तपशील बहुधा असा असतो : काही कळ्यांवर फुलण्यापूर्वीच बारीक जाळीची पिशवी चढवायची म्हणजे कीटक आत शिरणार नाही, काही फुलांच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, कुंचल्याने हाताने पराग लावायचे, काही फुले तशीच मोकळी ठेवायची, आणि शेवटी तिन्ही गटांत किती फळे धरली, एका फळात किती बिया भरल्या, हे मोजायचे. हाताने पराग लावलेल्या फुलांना मोकळ्या फुलांपेक्षा जास्त बिया धरल्या, तर निसर्गतः पराग कमी पडत होते, असा अंदाज बांधता येतो.

असा निबंध हाती आला की विद्यार्थी गोषवारा वाचतात आणि थांबतात. मी त्यांना थेट पद्धतीच्या भागाकडे जायला सांगते. फुले किती होती यापेक्षा झाडे किती होती, हे आधी पाहावे. एकाच झाडावरची ६० फुले ही ६० स्वतंत्र उदाहरणे नव्हेत, कारण त्या सगळ्यांचे पाणी, ऊन आणि आनुवंशिक गुण एकच असतात. मोजले काय, तेही पाहावे. फुलावर येणारा प्रत्येक कीटक परागवाहक नसतो. काही मोठ्या माश्या फुलाच्या नळीला बुडाशी भोक पाडून मकरंद पितात आणि परागकोशाला त्यांचा स्पर्शही होत नाही. ज्या निबंधात फक्त भेटी मोजल्या आहेत, त्याच्या आधारे फळधारणेबद्दल बोलणे धाडसाचे ठरते.

गाजलेल्या एका उदाहरणावरून हे जास्त स्पष्ट होईल. ‘फुलांना ऐकू येते’ अशा मथळ्याच्या बातम्या काही वर्षांपूर्वी जगभर झळकल्या. त्यांच्यामागचा मूळ निबंध ‘इकॉलॉजी लेटर्स’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झाला असून मरीन वेट्स या त्याच्या पहिल्या लेखिका आहेत. ईनोथेरा ड्रमंडी या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीला उडत्या मधमाशीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला असता ३ मिनिटांच्या आत फुलातल्या मकरंदाची गोडी वाढली, असे त्यात नोंदवले आहे. त्याच वारंवारतेच्या कृत्रिम आवाजानेही गोडी वाढली, मात्र अधिक उच्च वारंवारतेच्या आवाजाने नाही. गोषवारा काळजीपूर्वक वाचला की दिसते, यामुळे परपरागणाची, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पोहोचण्याची, शक्यता वाढू ‘शकते’, एवढेच लेखक म्हणतात. मोजली आहे ती साखर आणि फुलाची कंपने. त्यातून अधिक बिया धरल्या, असे तिथे म्हटलेले नाही. ‘शकते’ हा एवढासा शब्द बातमीत येता येता गळून पडतो.

याच निबंधाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी पाहावी, अशी माझी इच्छा असते. गूगल स्कॉलरवर प्रत्येक निबंधाखाली ‘साइटेड बाय’ हा दुवा असतो आणि तो निबंध नंतर कोणी कोणी संदर्भासाठी घेतला, याची यादी त्यावर मिळते. वेट्स यांच्या निबंधाखालची यादी चाळली, तर २०२० साली त्याच नियतकालिकात पाइक आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप सापडतो. मकरंदातला हा बदल म्हणजे परागवाहकाच्या आवाजाला दिलेला, वनस्पतीच्या हिताचा प्रतिसाद असणे संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मूळ गटाने त्याला दिलेले उत्तरही तिथेच आहे. विज्ञानातला असा वाद वाचकापर्यंत पोहोचणे मला बातमीइतकेच मोलाचे वाटते.

संदर्भ देण्याबाबत माझा आग्रह एकच आहे : जो निबंध आपण उघडून वाचला, त्याचाच संदर्भ द्यावा. मूळ निबंध मिळाला नाही आणि त्यातली माहिती दुसऱ्याच्या लेखात वाचली, तर तसे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही. निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर त्याची मोफत प्रत असते का ते पाहावे, नाहीतर लेखकाला नम्रपणे ईमेल करावा. अनेक संशोधक आनंदाने प्रत पाठवतात. लेखकांची नावे, वर्ष, शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड, पाने आणि डीओआय हा निबंधाचा कायमचा क्रमांक एवढे दिले की वाचक नेमका तिथे पोहोचतो. हा डीओआय स्वतः उघडून पाहण्याची सवय आता अत्यावश्यक झाली आहे, कारण चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या संदर्भसूचीत लेखक खरे, नियतकालिक खरे आणि निबंध मात्र अस्तित्वातच नाही, असे प्रकार घडतात. मधमाशी नाहीशी झाली तर मनुष्यजात चार वर्षांत संपेल, हे आइन्स्टाइनच्या नावावर खपवले जाणारे वाक्यही याच जातीचे. त्यांनी ते कधी म्हटल्याचा किंवा लिहिल्याचा कोणताही पुरावा मिळालेला नाही, तरी मधमाश्यांवरच्या लेखांत ते आजही सापडते.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, संशोधनावर आधारलेल्या प्रत्येक बातमीच्या किंवा लेखाच्या शेवटी, लहान अक्षरांत का होईना, मूळ निबंधाची एक ओळ छापावी, आणि तो निबंध प्राथमिक आहे, आढावा आहे की तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीचा प्रीप्रिंट, हेही त्यात सांगावे. वर ज्याचा उल्लेख केला, त्या निबंधासाठी ही ओळ अशी होईल : क्लाइन आणि सहकारी, प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी, २००७, खंड २७४, पाने ३०३ ते ३१३, आढावा निबंध. बातमीच्या रकान्यात तिला दोन-तीन ओळींपेक्षा अधिक जागा लागणार नाही.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका